शेपटीतली ज्वारी

"सायमा, श्वास घे. मोठ्ठा. आता धरून ठेव. सोडू नको म्हणते ना, दाभण टोचंल!"

फुफूच्या दातांत दोरा होता, हातात दाभण होतं आणि मी परग्रहवासी होते. म्हणजे अजून फक्त गळ्यापर्यंत होते. डोकं व्हायचं बाकी होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कापूस, त्याच्या आत मी. पण तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी कशासाठी तरी उभं केलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दर वर्षी झाड करतात. आणि झाडाला काही बोलायचं नसतं.

"फुफू, परग्रहवासी एवढा जाड असतो का गं?"

"तू बघितलास व्हय कवा? मी बी न्हाई बघितला. मग आपण करू तसा."

फुफू म्हणजे माझ्या अब्बांची मोठी बहीण, रोशनबी. आमचं घर पिंजाऱ्याचं. आजोबांच्या मागं त्यांचं कापूस पिंजायचं पिंजण फुफूनं हातात घेतलं. लग्नानंतर वर्षाच्या आतच ती माहेरी परत आली, त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. फुफूही बोलत नाही, ती गाद्या शिवते. आमच्या न्हावरे गावातल्या निम्म्या नवरींच्या रुखवतात तिची गोधडी असते. गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नवरीचं नाव भरायचं अशी आमच्याकडं पद्धत. फुफूला लिहिता-वाचता येत नाही. नवरीकडचं कोणीतरी खडूनं अक्षरं काढून देतं आणि फुफू त्यावरून दोरा ओढते. 'नीलम' तिनं इतक्यांदा भरलंय की ते तिला चिमणीच्या चित्रासारखं पाठ आहे.

मी एकदा विचारलं होतं, "तुझं नाव का नाही भरत कधी?"

"सुताराचं नाव पाळण्यावर आस्तंय का?" ती म्हणाली आणि दोरा तोडला.

आता हा परग्रहवासी आमच्या घरात कसा आला ते सांगते. माझ्या अब्बांचं शिरूरला फोमच्या गाद्यांचं दुकान आहे. पिंजाऱ्याच्या पोरानं फोम विकावा हे फुफूला अजून पचलेलं नाही, पण बाजाराच्या दिवशी ती दुकानात जाऊन बसते आणि गिऱ्हाइकासमोर फोमला नावं ठेवते. अब्बा म्हणतात, "आपा, तू घरी बैस ना." फुफू म्हणते, "बसलीय की. हे बी आपलंच घर."

तर अशा एका बाजारी, मीही फुफूबरोबर दुकानात होते तेव्हा, पुण्याहून सत्यजीत सर आले. जीन पँट, गळ्यात शिट्टी, डोळ्यांखाली काळं. ते टीव्हीसाठी 'ग्रह नववा' नावाची अंतराळातली मालिका काढत होते आणि त्यांना परग्रहवासी करायला फोम हवा होता. अब्बांनी खुशीत मापाची पट्टी काढली.

कोपऱ्यातून फुफू म्हणाली, "ह्यात मानूस घालणार? मे महिन्यात? शिजंल की ओ बिचारा."

"आपा!" अब्बा ओरडले.

पण सत्यजीत सर मागं वळले. कारण त्यांचा आधीचा परग्रहवासी खरंच शिजला होता. फोमच्या पोशाखात नट घेरी येऊन पडला आणि त्यानं कामच सोडलं, असं त्यांनी सांगितलं. फुफू म्हणाली, कापूस हवा घेतो, पिंजलेला असला तर अजून घेतो, द्या हिकडं तुमचं चित्र. चित्र बघितलं. मोठं डोकं, जाड हात-पाय, मागं लांब शेपूट, वरून चंदेरी कापड. "ही तर गोधडीच हाय," ती म्हणाली, "फक्त उभी."

मग सरांनी सहज एक वाक्य टाकलं, आणि पुढचं सगळं त्या वाक्यामुळं घडलं. "मावशी, भागाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात टीव्हीवर. चहा देणाऱ्याचंसुद्धा. तुमचंही येईल. 'पोशाख, रोशनबी पिंजारी, न्हावरे.'"

परत जाताना एसटीत बसलो, गाडी निघाली, कंडक्टर पुढं जाऊन मागं आला. घोडनदी मागं पडल्यावर फुफू हळूच म्हणाली, "सायमा, पोशाख म्हंजी आधी यील का मागनं?"

"काय?"

"नाव गं. समद्यांच्या."

तेव्हा मला कळलं की पाळण्यावर सुताराचं नाव नसतं हे तिनं मला सांगितलं होतं, स्वतःला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात पिंजणाची तात दिवसभर वाजायला लागली. सगळीकडं कापूस. अब्बांच्या मिशांत कापूस, वरणात कापूस. नटाचं माप सत्यजीत सरांनी कागदावर लिहून पाठवलं होतं. फुफूनं तो कागद उलटा धरून बघितला आणि बाजूला ठेवला. ती कागदावरून कधीच माप घेत नाही, अंगावरून घेते. आणि घरात रिकामं अंग एकच होतं. माझं.

डोक्याचा प्रश्न धुरपदा काकीनं सोडवला. ही आमची शेजारीण, कोंबड्या पाळते. तिच्याकडं कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं होतं, गोल, हलकं. फुफूनं ते मागून आणलं.

"आन् माझ्या कोंबड्या कुठं झाकू गं रोशन?"

"चार दिस मोकळ्या फिरू दे. सुट्टी हाय न्हवं पोरास्नी, त्यांस्नी बी दे."

डालग्यावर कापूस, कापसावर चंदेरी कापड, डोळ्यांना दोन भोकं. सगळ्यात शेवटी शेपूट. फुफूनं शेपटीचं टोक शिवायचं ठेवलं, आत गेली आणि ओंजळभर ज्वारी घेऊन आली. मला नवल वाटलं नाही. आमच्या घरची कुठलीही गादी, गोधडी घ्या, शेवटचं तोंड बंद करायच्या आधी त्यात ज्वारी जाते. आजोबा टाकायचे, फुफूही टाकते. पांघरूण उपाशी असेल तर पांघरणाऱ्याच्या घरी पोट भरत नाही म्हणे. तिनं 'बिस्मिल्ला' म्हटलं, ज्वारी आत सोडली, तोंड शिवलं.

"जा बाबा," ती त्या चंदेरी धुडाला म्हणाली, "कुठल्या गावचा हायेस त्ये अल्लाला ठावं, पर भुका न्हाई ऱ्हायचास."

शूटिंग आमच्याच गावच्या माळावर होतं. आनंदराव मामांचा माळ. नुसते दगड, काळी खडी, कुसळं. सत्यजीत सर त्या माळाकडं बघून हरखून गेले होते, म्हणाले, "इथं जीवसृष्टीचं चिन्हसुद्धा नाही!" आनंदराव मामा सोसायटीचे चेअरमन, जमीनजुमला भरपूर, फेटा कडक. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पोरी, ह्यो माझ्या माळाला चांगलं म्हणतोय का वंगाळ?"

अख्खा गाव आला होता. कांद्याच्या चाळीवरच्या बायका काम सोडून आल्या होत्या. अब्बा दुकान सोडून एम-एटी गाडीवरून आले होते आणि 'आपल्याला काय त्याचं' असं तोंड करून सगळ्यात पुढं उभे होते. पुण्याहून नट आला. उंच, देखणा, गावच्या टॉवरएवढा. त्यानं परग्रहवासी घातला आणि तो त्याला गुडघ्यापर्यंत आला.

अख्ख्या माळावर हशा.

"माप पाठवलं होतं ना मी!" सर ओरडले.

"त्ये कागदाचं माप," फुफू शांतपणे म्हणाली. "अंगाला बसतंय का न्हाई त्ये अंगाला इचारावं."

"आता या मापाचा माणूस कुठून आणू मी?"

फुफूनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ना, ते बघून मला अजून शंका येते की तो कागद तिनं चुकून उलटा धरला नव्हता.

"मी!" मी म्हटलं. झाडानं तोंड उघडलं. "सर, मी करते! मला चालता येतं त्यात, वाकता येतं, जिना पण चढून बघितलाय मी!"

नट म्हणाला, "करू द्या हो सर, फार गोड मुलगी आहे," आणि बाभळीच्या सावलीत जाऊन काकडी खाऊ लागला. त्याच्या तोंडावर इतका आनंद मी कुठल्याच नटाच्या तोंडावर बघितला नाही.

आता प्रसंग ऐका. निर्जीव ग्रह. परग्रहवासी झोर्क त्याच्या जातीतला शेवटचा उरलेला. तो एकटा दगडांमधून चालत येतो. मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. सर म्हणाले, "सायमा, तू विश्वातली सगळ्यात एकटी व्यक्ती आहेस." मी म्हटलं, "हो सर!" शिट्टी वाजली. मी चालायला लागले. एकटी. अगदी एकटी. डालग्यात माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता आणि माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आणि मग बाहेर लोक हसायला लागले.

मी वळून बघितलं. डालग्यातून वळून बघायचं म्हणजे अख्खं वळावं लागतं. माझ्या मागं धुरपदा काकीच्या कोंबड्या होत्या. रांगेत. सगळ्यात पुढं तांबडा कोंबडा. दगडांवरून घासून घासून शेपटीचं टोक झिजलं होतं, त्यातून ज्वारी गळत होती आणि कोंबड्या टिपत येत होत्या.

"कट! कट! कोणाच्या आहेत या?"

"माझ्या हायत," धुरपदा काकी म्हणाली. "झाकल्या आस्त्या, पर डालगं त्या पोरीच्या डोक्यावर हाय."

"निर्जीव ग्रहावर कोंबड्या कुठून येतील?"

आनंदराव मामा गंभीरपणे म्हणाले, "आमच्या माळावर बी काय उगवत न्हाई साहेब. पर कोंबड्या हायत न्हवं?"

पुन्हा घेतलं, पुन्हा कोंबड्या. पोरांनी हाकलल्या, त्या पळाल्या, शिट्टी वाजली की परत. त्यांना ती शिट्टी आता जेवणाची घंटा वाटायला लागली होती. ऊन कलायला लागलं. सरांनी शेपूट उचलून बघितलं, चिमटीत दाणे धरले आणि फुफूसमोर नेले.

"मावशी, हे काय आहे?"

"ज्वारी."

"ती दिसतेय मला. पोशाखात कशाला?"

फुफूनं सांगितलं. आजोबांपासून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, पण ते घड्याळाकडं बघत होते. "ठीक आहे. आता ती काढा. शेपूट उसवा, सगळी बाहेर काढा, परत शिवा. पटकन."

"दोन टाके घालून तोंड बंद करते, सांडणार न्हाई. पर काढणार न्हाई."

"दगडांवर पुन्हा फाटेल ते! मावशी, काढा."

"न्हाई."

अब्बा पुढं झाले. "आपा, काढ ना. मूठभर दाणे. कोण बघायला येतंय?"

सर म्हणाले, "हे बघा, ही ज्वारी निघाली नाही तर पुढच्या भागाला मी मुंबईहून दुसरा पोशाख करून आणेन. आणि मग शेवटी नावही त्यांचंच जाईल. तुम्ही ठरवा."

मी डालग्याच्या भोकातून फुफूकडं बघत होते. तिला फक्त दाभण उचलायचं होतं. नाव तिथंच होतं, एक टाका उसवण्याएवढ्या अंतरावर. मला ओरडावंसं वाटलं, काढ गं, काढ, मला नाही लागत भूक!

फुफूनं ओढणी खोचली. "साहेब, तुमचा त्यो झोर्कराव भुका ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे. माझा कोण लागतोय? पर आत माझी पोरगी हाय. उपाशी पांघरुणात मी तिला घालणार न्हाई. न्हाई आलं नाव तरी चालंल."

आणि तिनं शेपटीला चार टाके घातले, पाण्याचा तांब्या आणून डालग्याच्या भोकातून मला पाजला आणि बायकांच्यात जाऊन बसली.

सूर्य टेकडीला लागला होता. सरांकडं वेळ नव्हता, गाडीला पुण्याला परत जायचं होतं. ते कॅमेरावाल्याला थकलेल्या आवाजात म्हणाले, "घे. कोंबड्यांसकट घे." मी चालले. टाके अर्ध्या वाटेत तुटलेच. मी विश्वातली सगळ्यात एकटी व्यक्ती, लाल उजेड, माझी लांब सावली, आणि मागं तांबडा कोंबडा.

भाग लागला त्या रविवारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आनंदराव मामांना खुर्ची, बाकी सगळे खाली. अब्बांनी फोमची एक गादी आणून पसरली होती, फुफू तिच्यावर न बसता जमिनीवर बसली. मी चालत आले तेव्हा सगळे ओरडले. कोंबड्या आल्या तेव्हा तर टीव्ही ऐकूच येईना. आणि खरं सांगू? ते छान दिसत होतं. त्या भकास माळावर तो एकटा जीव आणि त्याच्या मागं बिनधास्त चाललेल्या कोंबड्या. हसू यायचं आणि मग झोर्कची माया वाटायची. सत्यजीत सरांनी वर संगीतही हळू लावलं होतं.

मग नावं सुरू झाली. सर बोलले ते रागात बोलले असतील, असं आम्हा सगळ्यांना मनातून वाटत होतं. फुफूलाही वाटत असणार, नाहीतर तिनं नवी ओढणी काढली नसती.

नावं भराभर वर सरकत होती. लेखन, कॅमेरा, प्रकाश, चहा. आनंदराव मामा मोठ्यानं वाचत होते. "झोर्क, कुमारी सायमा अनिस पिंजारी!" माझ्या पाठीत कोणीतरी धपका घातला. "जागा, आनंदराव..." मामांनी आपलं नाव दोनदा वाचलं. "कोंबड्या, श्रीमती धुरपदाबाई, न्हावरे."

"या बया!" धुरपदा काकीनं तोंडावर हात ठेवला.

आणि पडदा काळा झाला. साबणाची जाहिरात लागली.

फुफूनं माझा हात धरला. "आलं का गं?"

ती वाचू शकत नव्हती. मी 'आलं' म्हटलं असतं तर खोलीतल्या एकानंही मला खोटं पाडलं नसतं. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हण, म्हण, असंच बघत होते. पण नाव जाईल हे माहीत असूनही फुफूनं ज्वारीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही आलं, फुफू."

"कोंबड्यांचं आलं?"

"हो."

"आन् माझं न्हाई?"

"नाही."

तिनं थोडा वेळ साबणाची जाहिरात बघितली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "कोंबड्यांचं नाव टीव्हीवर! या अल्ला! धुरपदे, कोंबड्याला सांग गं, डोक्यात हवा जाऊ दिऊ नको म्हणावं!"

अब्बा मात्र हसले नाहीत. सगळ्यात जास्त तेच तापले होते. "मी पुण्याला फोन लावतो! माझ्या बहिणीचं काम आहे ते! फोम असता तर एका दिवसात फाटला असता!" हे वाक्य अब्बांच्या तोंडून फुफूनं ऐकलं आणि हसता हसता थांबली. त्यांच्याकडं बघतच राहिली. मग सरकून त्या फोमच्या गादीवर बसली. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदा काकी टोपली घेऊन आली. टोपलीत अंडी. "कोंबड्या माझ्या, पर चालल्या तुझ्या ज्वारीवर. निम्मं नाव तुझं," ती म्हणाली आणि टोपली ठेवून गेली. आम्ही आठवडाभर नाव खात होतो.

मुंबईचा पोशाख आलाच नाही. आले ते सत्यजीत सर, खांद्यावर पोतं घेऊन, एसटीनं. पोत्यात झोर्कराव होता. टीव्ही बघणाऱ्या पोरांना कोंबड्या भलत्याच आवडल्या होत्या, आता प्रत्येक भागात हव्या होत्या. सर ओट्यावर बसले, चहा प्यायले, गळ्यातली शिट्टी फिरवत राहिले.

"शेपूट जरा मजबूत करून द्या मावशी. आणि, हे... ते भोक ठेवा. बेतानं गळेल असं." मग कप खाली ठेवून, "ज्वारी असू द्या."

"आसनारच हाय," फुफू म्हणाली.

नावाचं ते काही बोलले नाहीत. तिनंही काढलं नाही. ते आनंदराव मामांकडं माळाचं बोलायला गेले आणि फुफूनं झोर्करावाला पाटावर उताणा निजवला. शेपूट झालं. मग डोकं मांडीवर घेतलं, आतलं अस्तर बोटांनी चाचपलं, नाकासमोर येतं ती जागा शोधली.

"सायमा, खडू आण."

"कोणाचं नाव? कोणाचं लग्न आहे?"

"आण म्हणते ना."

मी शाळेच्या दप्तरातून खडूचा तुकडा आणला, तेव्हा तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. डालग्यात हात घालून, वाकड्या मानेनं, अस्तरावर अक्षरं काढली. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. फुफूनं ती बराच वेळ बघितली. कधी न पाहिलेल्या नात्यातल्या माणसाला बघावं तशी.

"एवढंसंच हाय व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं लांबलचक आसंल." मग लाल दोरा ओवला.

पुढच्या रविवारी पुन्हा माळ, पुन्हा गाव, पुन्हा काकडी खाणारा नट. फुफूनं माझ्या डोक्यावर डालगं चढवलं, मानेशी दोन टाके घातले. "श्वास घे. सोड. जा."

बाहेर शिट्टी वाजली. कोंबड्या ओरडत आल्या. मी वळले तेव्हा डाव्या डोळ्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली आणि माझ्या नाकासमोरच्या लाल टाक्यांवर पडली. मी ते वाचलं आणि चालायला लागले.